प्रफुल्लने कौतुक सुरू केलं

अरे, ऐका तर! सुरतमधल्या उधन्याच्या साडी कारखान्यात शेठनी आपल्या प्रफुल्लला गेटवरून उचललं आणि थेट पॅकिंग खात्याचा सुपरवायझर केलं. पण कच्चा! शुक्रवारी शेठ स्वतः येऊन बघणार, मग पक्का करायचं की परत गेटपास फाडायला बसवायचं ते ठरणार. वर लीडरशिपच्या ट्रेनिंगला पण पाठवलं. तिथून गडी असा परतला, जणू कारखाना नाही, आख्खं सुरत चालवायला घेतलंय!

"आता बघच," त्याने बायकोला, चैतालीला, सांगितलं. "रोज एकाचं चारचौघांत कौतुक करायचं. खातं नुसतं पळायला लागेल."

खातं पळालं. पण कुठे, ते ऐका.

पहिल्या दिवशी त्याने दगाभाऊंना धरलं. दगाभाऊंनी घातलेली साडीची घडी म्हणजे इस्त्रीवाल्याच्या पोटावर पाय! प्रफुल्लने काम थांबवलं, सगळ्यांना गोळा केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी मालतीबाई. तिसऱ्या दिवशी तो नुसता हसतहसत आत आला, तर माणसं खोक्यांआड! कोणी घड्या वाकड्या घालतंय, कोणी गठ्ठा मेथीच्या जुडीसारखा बांधतंय. मालतीबाईंनी तर लाल साडी हिरवीच्या डब्यात घातली आणि वर त्याला ती मुद्दाम दाखवली. व्यापाऱ्यांकडून माल परत यायला लागला. प्रफुल्लला वाटलं, कौतुक कमी पडतंय. त्याने डोस वाढवला! सकाळी एकाचं, जेवणानंतर आणखी एकाचं.

शेवटी शुक्रवारी, शेठ यायच्या जरा आधी, मालतीबाईंनी त्याला कोपऱ्यात ओढलं.

"भाऊ, हात जोडते. आज माझं नाव घेऊ नका."

"का हो, मावशी?"

"अहो, ह्या खात्यात ज्याचं काही चांगलं होतं, त्यानं सगळ्यांना स्वतःच्या खिशातून प्लेट-प्लेट गरम लोचो खिलवायचा. पोरगी पास झाली, लोचो. नातू झाला, लोचो. तुम्ही टाळ्या वाजवल्या की आम्ही गेलो लोचोच्या लारीवर, पाकीट घेऊन! दगाभाऊंची बायको अजून बोलत नाही त्यांच्याशी."

प्रफुल्लने कपाळावर हात मारला. गेटवर हा रिवाज नव्हताच. तिथे तो एकटा आणि एक कुत्रा.

तेवढ्यात शेठ आलेच. हातात शाल! मागे सगळी खाती, कारण सगळ्यांना त्यांनीच बोलावलेलं.

"बोलो प्रफुल्लभाई, तुमच्या खात्यात फर्स्ट नंबर माणस कोण? आज आख्ख्या कारखान्यासमोर सत्कार करायचा."

आख्ख्या कारखान्यासमोर! म्हणजे लोचो आख्ख्या कारखान्याला! दगाभाऊ टेबलाखाली काहीतरी शोधायला लागले. मालतीबाई त्याच्याकडे अशा बघत होत्या, जसं पोर डॉक्टरच्या सुईकडे बघतं. आणि प्रफुल्लला ट्रेनिंग आठवलं. खरा लीडर आपल्या माणसांवरचा घाव स्वतःवर घेतो! त्याने छाती पुढे काढली.

"मी, शेठ."

शेठनी शालीची घडी परत घातली.

"ज्याला आपल्या माणसांत एक पण सारो, चांगला माणस दिसत नाही, तो कसला लीडर? सोमवारपासून गेटवर बसा, भाई. आणि ट्रेनिंग परत करा. पहिल्यापासून."

शेठ निघून गेले. दगाभाऊ टेबलाखालून बाहेर आले. डोळे भरलेले. त्यांनी प्रफुल्लच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, आमच्यासाठी एवढं आजवर कोणी केलं नव्हतं."

नोकरीतली बढती गेली, पण माणसं मिळाली, असं काहीतरी छान प्रफुल्ल बोलणार होता.

"पण फर्स्ट नंबर तुम्ही स्वतःच म्हणालात ना?" दगाभाऊंनी हळूच विचारलं.

मागे आख्खा कारखाना हात धुऊन उभा होता. सगळ्यात पुढे शेठचा ड्रायव्हर.