हळब्यांच्या बाजूने एक साक्ष

आमच्या देशात राष्ट्राध्यक्ष पायउतार झाले की त्यांनी केलेलं सगळं त्याच दिवशी दुपारी चार वाजता नाहीसं होतं. ज्या गोष्टीच्या बाजूने एखादा नागरिक साक्ष देईल, तेवढीच राहते. मागच्या राष्ट्राध्यक्षांच्या प्राणिसंग्रहालयासाठी कुणी आलं नव्हतं. चार वाजता भिंती गेल्या, पिंजरे गेले आणि दोन सिंह भुईमुगाच्या शेतात उभे राहिले.

दिगंबर हळबे अकरा वर्षं राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्याबद्दल बरं बोलणारं माणूस सापडणं कठीण होतं. ते लोकांच्या लग्नात जाऊन शिस्तीवर भाषण करत. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक निरक्षराला त्यांनी सक्तीने वर्गात बसवलं होतं. वर्गाची वेळ दुपारी दोन ते चार, आणि दाराला बाहेरून कडी.

त्यांच्या शेवटच्या दिवशी साक्ष द्यायला एकच बाई आल्या. गिरजाबाई ढमढेरे, वय अठ्ठावन्न, राहणार नदीपलीकडच्या सोनारीत. लोकांचे मसाले कांडून देणं हा त्यांचा धंदा.

कचेरीत कारकून परचुऱ्यांनी अर्ज पुढे केला. गिरजाबाईंनी तो सावकाश, स्वतःच्या हाताने भरला. पाचव्या रकान्यात प्रश्न होता, 'साक्षीदारास राष्ट्राध्यक्ष आवडतात काय?' त्यांनी लिहिलं, 'नाही'.

परचुऱ्यांनी चष्मा काढला. "बाई, इथे 'होय' लिहायचं असतं."

"का?"

"आजवर सगळ्यांनी तेच लिहिलंय."

"मला नाही आवडत तो माणूस. खोटं कसं लिहू?"

"मग साक्ष चालते का, ते विचारावं लागेल."

विचारायला शिपाई वरच्या मजल्यावर गेला. गिरजाबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. त्याच बाकावर हळबे मांडीवर बॅग घेऊन बसले होते. त्या दिवशी मावळत्या राष्ट्राध्यक्षांना तिथे हजर राहावं लागतं.

"माझ्यासाठी आलात?" हळब्यांनी विचारलं.

"नाही."

"मग नदीवरच्या पुलासाठी?"

"अक्षरांसाठी. तुमच्या हुकुमाने शिकलो, म्हणून चार वाजता तीही जाणार म्हणे. आमच्या एका सोनारीतच एकशे बारा माणसं आहेत."

"पूल चांगला आहे हो," हळबे म्हणाले. "सात वर्षं लागली."

"एका साक्षीदाराला एकच गोष्ट. त्या खिडकीवर लिहिलंय. मी वाचलं."

हळब्यांनी मान वळवून खिडकीवरची पाटी वाचली.

चाराला दोन मिनिटं कमी असताना शिपाई खाली आला. आवडण्याची अट नियमात कुठेच नव्हती. तो रकाना कुणी घातला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गिरजाबाई लगबगीने आत गेल्या. साक्ष ऐकणाऱ्या समितीच्या प्रमुख पोंक्षेबाईंसमोर त्या उभ्या राहिल्या आणि चाराचे ठोके पडले.

"वेळ संपली," पोंक्षेबाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मागे सरकला आणि चाराला दहा मिनिटं कमी झाली.

परचुऱ्यांनी फाईल उघडली. "हुकूम तारखेच्या क्रमाने रद्द होतात. हळबेसाहेबांचा पहिला हुकूम, देशातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे करण्याचा. लोक उशिरा येतात म्हणून. तो आत्ता गेला."

"म्हणजे चार वाजलेले नाहीत," पोंक्षेबाई म्हणाल्या.

"नाहीत."

"बसा बाई," त्या गिरजाबाईंकडे वळल्या. "यातून तुमचं काय भलं झालं ते सांगा."

"आधी वाईट सांगते. मी वर्गात असताना घरी माझे मालक गेले. शेजारीण बोलवायला आली होती. मास्तर म्हणाले, चार वाजल्याशिवाय कडी काढायचा हुकूम नाही. मी आतून दार बडवत होते. फळ्यावर त्या दिवशी 'ण' होता. अजून 'ण' काढताना माझा हात थांबतो."

दारात हळबे उभे राहिले होते. साक्ष चालू असताना त्यांना बोलायला मनाई होती.

"आता भलं," गिरजाबाई म्हणाल्या. "माझी बहीण कळंबीला असते. बसची पाटी वाचता येईना आणि दर वेळी लोकांना विचारायची लाज वाटायची. चौदा वर्षं गेले नव्हते. मालकांच्या मागे एक दिवस एकटीच स्टँडवर गेले. एकेक पाटी वाचत फिरले. कळंबीची सापडली, तर ती बस सोडून दिली. म्हटलं, चुकलं असेल. दुसरी आली, तिच्यावरही तेच लिहिलेलं. तिच्यात बसले. बहीण दारातच होती. म्हणाली, कुणाबरोबर आलीस गं? मी म्हटलं, कुणाबरोबर नाही."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "देणं चांगलं होतं, देण्याची रीत वाईट होती. कडी जाऊ द्या. अक्षरं ठेवा."

"कडी वेगळी काढता येते?" पोंक्षेबाईंनी विचारलं.

"कडीसाठी साक्षीदार नाही," परचुरे म्हणाले. "ती आपोआप जाते."

पोंक्षेबाईंनी शिक्का मारला.

दुसऱ्यांदा चार वाजले. चौकातला हळब्यांचा पुतळा गेला. त्याच्या डोक्यावरची कबुतरं क्षणभर तशीच हवेत राहिली, मग उडाली. दुपारपासून रिकामा ठेवलेला पूलही गेला. गिरजाबाईंनी घाईने भिंतीकडे पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, "येथे थुंकू नये." मग त्या खुर्चीत टेकल्या आणि पुन्हा एकदा वाचलं.

पायऱ्यांवर हळब्यांनी त्यांना गाठलं. "कडीमुळे काय झालं ते मला कुणी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं होतं?"

"नाही."

हळब्यांचं नवं बिऱ्हाडही पलीकडच्याच काठावर होतं, त्यामुळे दोघं बरोबरच नदीवर आले. पूल जाणार म्हणून शिरपत नावाड्याने दुपारीच जुनी होडी पाण्यात घातली होती. तोही सोनारीच्याच वर्गात शिकलेला. एका फळीवर तो खडूने लिहीत होता, 'होडि सहा वाजता'.

हळब्यांचा हात पुढे झाला. "होडीतला 'डी' दीर्घ—"

"वाचता येतंय ना?" गिरजाबाईंनी विचारलं.

हळब्यांनी फळी पुन्हा वाचली. "येतंय."

"मग चढा."

ते चढले. शिरपतने दुसरं वल्हं उचलून पाहिलं. "साहेब, आज मी एकटाच आहे. वल्हवता येतं?"

"नाही."

"या इकडे. शिकवतो."

हळब्यांनी बॅग गिरजाबाईंकडे दिली आणि वल्हं हातात घेतलं. होडी आधी जरा मागे फिरली, मग सोनारीच्या दिशेने सरळ निघाली.