काकवीचा फुगा

मन्मथप्पा सर लग्नाच्या पंगतीत गुलाबजाम खात नाहीत, स्ट्रॉने ओढून बघतात. वाढपी खोळंबतात, शेजारचे ताट सावरून बसतात आणि सर जाहीर करतात, "घट्ट हाय. पेशी अशी नसती. पेशी म्हणजे थेंब!"

सर आमचे शेजारी. लातूरच्या कॉलेजातून ते निवृत्त झाले, त्यांचं गणित काही निवृत्त झालं नाही. रक्तातली पांढरी पेशी आपल्याहून बारीक नळीतून सरकते कशी, याचं गणित ते मांडत असतात. त्यांच्या मते पेशी म्हणजे ताणलेल्या सालीतला दाट थेंब. ओढला की लांबतो, सोडला की पुन्हा गोल. मला हे कळावं म्हणून त्यांनी फुग्यात काकवी भरली आणि नरसाळ्यातून दाबायला लागले.

"सरकायलाय बघा! सरकायलाय!"

फुगा सरकला नाही, फुटला. माझ्या नव्या सदऱ्यावर मुंग्यांनी संसार थाटला. सरांनी सदऱ्यावरून बोट फिरवलं, चाटलं आणि म्हणाले, "दाटपणा बरोबर होता. साल कमी पडली."

"लोकाचे नवरे म्हातारपणी पोथी वाचतेत," सुमनकाकू फरशी पुसत म्हणाल्या, "आमचे फुगे फोडायलेत."

यंदा काकूंनाच कॅन्सरची औषधं सुरू झाली आणि त्यांच्या पांढऱ्या पेशी घसरल्या. त्या वाढल्याशिवाय पुढचं औषध देता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सरांनी विचारलं, "कमी हायत ते कळलं, पण हायत त्या मऊ हायत का?" डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं.

अशात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली. त्या दिवशी अख्खं लातूर घरांना कुलूप लावून शेतात जातं. कडब्याची कोपी करायची, शेंगा-भाज्यांची भज्जी खायची आणि पीक जोमानं यावं म्हणून आरोळी देत आंबील शिंपायची. देवणीच्या शेतात हे काम सर धाकट्या भावाकडे ढकलायचे. "ज्वारीला आरोळी कळती व्हय?" असं वर विचारायचे. यंदा काकूंना गर्दी मना, म्हणून दोघं घरीच होते. मी शेतातून लवकर परतलो आणि भज्जीचा डबा घेऊन त्यांच्या गच्चीवर गेलो.

काकू उन्हात खाटेवर बसल्या होत्या. सर धोतर खोचून, हातात तांब्या घेऊन खाटेभोवती आंबील शिंपत फिरत होते.

"ओलगे ओलगे, सालम पलगे!"

"अवो, लुगडं भिजायलंय की! मी काय ज्वारी हाय का?"

मला बघून सर थबकले. एवढा ओशाळलेला माणूस मी पाहिला नव्हता.

"कशी सरकती ते सगळं मांडता येतंय मला," ते हळूच म्हणाले. "एक पेशी वाढवता येईना."

शिंपणाऱ्याच्या मागून आरोळीला साथ द्यायला माणूस लागतो. मी डबा खाली ठेवला आणि सरांच्या मागे ओरडत फिरू लागलो.

काकूंनी पाय वर घेतले. खाटेच्या कडेला बोट दाखवत म्हणाल्या, "हिकडचा कोपरा राहिला बघा."