तयारी नीट केली असेल तर

ठकी आपल्याकडे बघत नाही, हे बाइंडरच्या मनाला फार लागून राहिलं होतं. म्हणजे बघायची, पण कपाटाकडे बघावं तशी. दर रविवारी तो आणि त्याची बायको लेकीकडे जायचे. नात आधी आजीच्या मांडीवर चढायची आणि तिथून थेट दुसऱ्या आजोबांच्या पाठीवर. हे दुसरे आजोबा म्हणजे व्याही, निवृत्त बँडमास्तर. ते गालांनी ढोल वाजवत, नाकातून क्लॅरिनेट काढत आणि चहा पितानाही पायाने ताल धरत. बाइंडरला एकच वाक्य यायचं, "जेवलीस का?" ठकी मान हलवायची आणि आठवड्याभराचं बोलणं तिथेच आटपायचं.

अशात दुकानात पत्त्यांच्या जादूचं एक पुस्तक बांधायला आलं. औषधवाल्याचं होतं. शिवण सुटलेली, फर्मे म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे विस्कटलेले, आणि खालचे कोपरे उंदरांनी असे खाल्ले होते की पानांचे आकडे त्यांच्याच पोटात गेले होते. आकडे नाहीत तर नाहीत. बाइंडरने वाक्याला वाक्य जुळवून फर्मे लावले. चाळीस वर्षांत त्याच्या हातून एक पान इकडचं तिकडे झालं नव्हतं. शिवता शिवता तो वाचू लागला आणि वाचता वाचता थांबला. ठकीचा सातवा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता.

औषधवाल्याला त्याने सांगून टाकलं की पुठ्ठा अजून ओला आहे. पुढचे पंधरा दिवस तो पुठ्ठा ओलाच राहिला.

जादू सोपी वाटत होती. समोरच्याने एक पान ओढायचं, बघायचं, परत गड्डीत ठेवायचं. आपण गड्डीतलं तळाचं पान हळूच बघून ठेवलेलं असतं. ते त्याच्या पानावर बसवायचं आणि त्या खुणेवरून पान शोधायचं. दुकान बंद करून घरी आला की बाइंडर बायकोपुढे गड्डी धरायचा. सुरुवातीला पानं पलंगाखाली उडाली, एकदा आमटीत पडली. पण खळीने राठ झालेली ती बोटं हळूहळू वळली. आठव्या दिवशी त्याने बरोबर पान काढलं, तेव्हा बायको भाजी निवडायची थांबली.

"बदामाची राणीच. बरं मग?"

मग पुस्तकातलं पान उलटलं की पुढे लिहिलं होतं: *ते पान प्रेक्षकाच्याच हातून फाडून घ्यावे. चार तुकडे रुमालात ठेवून फुंकर मारावी. तयारी नीट केली असेल तर पान अखंड निघेल.*

"मग फाडायचं," बाइंडर म्हणाला.

"फाडा की."

बाइंडरने राणी दोन बोटांत धरली. धरून ठेवली. जन्मभर फाटलेलं जोडत आलेल्या हाताला ते काही होईना. "ते त्याच दिवशी," असं म्हणून त्याने राणी गड्डीत सरकवली. एवढी मेहनत केली होती, मन लावून केली होती. तयारी आणखी कशाला म्हणतात, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं.

वाढदिवसाला ठकीला नवे बूट मिळाले. केक कापून झाला. बँडमास्तरांनी गालांचा ढोल वाजवला, पोरं हसून लोळली. मग बाइंडरने खाकरून सांगितलं की मलाही थोडं काही येतं. लेकीने काळजीने आईकडे बघितलं. बाइंडरने खिशातून गड्डी काढली, तेवढ्यात बँडमास्तर म्हणाले, "व्याहीबुवा, घरच्या पानांवर कुणीही जादू करेल. ही घ्या माझी."

ती गड्डी बाइंडरला माहीत होती. विहीणबाई असताना दोघं नवराबायको रोज दुपारी तिच्यावर रमी खेळायचे. त्या गेल्यापासून ती नुसती फडताळात असायची. कडा कापसासारख्या मऊ झाल्या होत्या. त्याला नको म्हणायचं होतं, पण ठकी समोर येऊन बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती. कपाटाकडे बघावं तशी नव्हे. त्याने गड्डी घेतली.

ठकीने पान ओढलं, बघितलं, परत ठेवलं. बाइंडरने गड्डी उलगडली, खूण शोधली आणि किलवरची सत्ती काढून तिच्यापुढे ठेवली. ठकीचं तोंड उघडंच राहिलं. बँडमास्तरांचा पायही थांबला. इथेच तो थांबला असता तर काही बिघडलं नसतं.

"आता फाड," तो म्हणाला.

"खरंच?"

"खुशाल फाड. चार तुकडे कर."

बँडमास्तरांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. व्याह्यांवर अविश्वास कसा दाखवायचा. टर्र, टर्र. बाइंडरने तुकडे रुमालात गुंडाळले, फुंकर मारली आणि रुमाल उघडला. चार तुकडे. पुन्हा गुंडाळले, जरा जोरात फुंकलं. चार तुकडे. तिसऱ्या फुंकरीला त्यातला एक उडून केकवर बसला.

कुणी हसलं नाही, हेच वाईट होतं. बँडमास्तर त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती नेहमी सत्तीवर अडायची." एवढंच, तेही हळू.

क्षणभर बाइंडरला जिना उतरून निघून जावंसं वाटलं. मग त्याने केकवरचा तुकडा उचलला, पुसला आणि कड उजेडात धरली. कड बरी फाटली होती; फाटीचे बारीक दात शाबूत होते. त्याचा आवाज एकाएकी दुकानातला झाला.

"बाळ, चमचाभर मैदा घे. पाण्यात खळ शिजव, पातळ. ठकी, बुटांच्या खोक्यातला तो झिरझिरीत कागद आण."

लेक गॅसकडे गेली, ठकी खोक्याकडे. पुढचा पाऊण तास कुणी केकला हात लावला नाही. बाइंडर दातात दात बसवत होता आणि ठकी त्याच्या दंडाला नाक टेकून एकेक तुकडा हातात देत होती. "फाटताना कागद आपली वाट लिहून ठेवतो," तो सांगत होता, "आपण फक्त वाचायची." सबंध सत्ती जुळली तेव्हा तिने श्वास सोडला.

"आता वजन पाहिजे. अर्धा तास, अजिबात न हलणारं."

घरात जाड पुस्तक नव्हतं. सगळ्यांनी बँडमास्तरांकडे बघितलं. सत्ती दोन पाटांमध्ये ठेवली आणि वर त्यांना बसवलं. ठकी पहाऱ्याला. पाय जरा हलला की ती डोळे वटारायची. त्या घरात तसा शांत अर्धा तास त्याआधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाइंडरने पुस्तक पुन्हा उघडलं. चार फर्मे पुढे, भलत्याच जादूच्या शेपटाला चिकटून, एक ओळ बसली होती: *तयारी: सारखीच दोन पाने घ्यावीत.* त्याने कुणाला काही न सांगता शिवण उसवली.

"पुठ्ठा अजून ओलाच का?" बायकोने विचारलं.

"वाळला," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी तो लेकीच्या दारात चपला काढत होता, तेवढ्यात ठकी आजीला ओलांडून धावत आली आणि त्याचा हात धरून आत घेऊन गेली. टेबलावर खळीची वाटी होती, झिरझिरीत कागद होता आणि ओळीने मांडलेली, त्याच गड्डीतली चार फाटकी पानं.

"जेवलीस का?" सवयीने त्याच्या तोंडून गेलं.

"ते नंतर, आजोबा. बसा. मी तयारी करून ठेवलीये."

बाइंडरने घाबरून व्याह्यांकडे बघितलं. बँडमास्तर दोन पाट काखेत घेऊन उभे होते.

"राजा तिच्याच्याने फाटेना," ते ओशाळून म्हणाले. "तेवढा मी फाडला."