इस्माईलभाईंचा पहिला वाटा

इस्माईलभाई फुटबॉलचा सामना मैदानाकडे पाठ करून बघतात. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीवर असताना लिहितो आहे. आखातातल्या आमच्या रिग्गई वस्तीच्या मैदानात दर शुक्रवारी आमच्या गोलखांबाला टेकून, चेंडूकडे ढुंकूनही न बघता हा गृहस्थ अख्खा सामना उभा राहायचा, आणि नंतर चहावर त्याच सामन्याचं असं वर्णन करायचा की खेळून आलेल्या आम्हालाही तो तेव्हा कुठे कळायचा.

नजर असायची आमच्या गोलकीपरवर, कादरवर. "चेंडूच्या मागं काय बघायचा? फुटबॉल गोलकीपरच्या तोंडावर दिसतो," असं त्यांचं म्हणणं. कादरच्या भुवया वर गेल्या की समोरचे डावीकडून येताहेत. मिशी थरथरली की कॉर्नर. डोळे मिटले की खेळ खलास. मग जाळं हलायचं, इस्माईलभाई विचारायचे, "काय झाला रे?" आणि कादर न चुकता सांगायचा, "ऑफसाइड."

या एका शब्दाच्या जोरावर इस्माईलभाईंची वर्षानुवर्षं खात्री होती की आमचा संघ अजिंक्य आहे आणि तळाला आहे तो केवळ पंचांच्या मेहेरबानीने.

दोघेही दापोलीकडचे, शेजारशेजारच्या गावांतले. इस्माईलभाईंचं पलीकडच्या राई भागात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. कादर दिशदाशे, म्हणजे अरबांचे पायघोळ झगे, शिवायचा. केस काळे होते तेव्हापासून दोघे रिग्गईतल्या एकाच खोलीत. बायका गावी. लहानपणी म्हणे ओहोटी लागली की हे वाळूत दोन वल्ही रोवून खेळायला लागायचे आणि भरती आली की सामना संपायचा. एकदा बाकीचे सगळे घरी जाऊन जेवायला बसले तरी कादर दोन वल्ह्यांमध्ये उभाच. पाणी छातीला लागलं होतं आणि त्याने दोन बोयटं, चांगली हातभर मासळी, अडवली होती. इस्माईलभाई ही गोष्ट सांगायला लागले की बोयटांची शेवटी शार्क होते, पण मी कधी अडवलं नाही. त्यांचा चेहरा तेव्हा खरंच समुद्राचा वारा लागल्यासारखा दिसायचा.

मी इथल्या एका इस्पितळात एक्स-रे काढतो. म्हणून त्यांच्या लेखी मी 'एक्सरेवाले'. नवा खेळाडू आला की माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "जरा आत बघून सांगा, हाडात फुटबॉल हाय का नुसता कॅल्शियम?"

आमच्या मराठी मंडळींच्या लीगमध्ये सहा संघ. कुणी एक डोईजड होऊ नये म्हणून दर मोसमाला सगळ्या खेळाडूंची नावं एकत्र करायची आणि कप्तानांनी पाळीपाळीने एकेक उचलायचा. याला आम्ही ड्राफ्ट म्हणतो. आमचे न खेळणारे कप्तान इस्माईलभाई म्हणतात 'वाटे', बंदरावर मासळीचे लावतात तसे.

ज्या ड्राफ्टची ही गोष्ट, त्याआधीचा मोसम कादरविना गेला होता. तो गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गावी होता. गोलमध्ये उभा केला लातूरकडचा एक नर्स. भला माणूस, पण चेहरा असा की त्यावर सामना सोडा, भूकसुद्धा दिसत नसे. इस्माईलभाई मोसमभर त्याच्याकडे डोळे ताणताणून बघत राहिले. चहावर बोलायला त्यांच्याकडे काही उरलं नाही.

मग कादर परत आला, लंगडत, आणि तेही आवराआवर करायला. हिवाळा सरला की कायमचा गावी जाणार होता.

त्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा पहिली पाळी आली महबूला वस्तीच्या संघाला, म्हणजे दाताचे डॉक्टर खानोलकर यांना. आमची शेवटची. आणि सगळ्यांचा डोळा होता रेहानवर. रेहानचा डावा पाय म्हणजे काय सांगावं. एकदा त्याने रिग्गईत मारलेला चेंडू राईतल्या एका दुकानाच्या दारात पडला. मालकाने त्यावर किंमत चिकटवून संध्याकाळच्या आत विकला. असा माणूस पहिल्या पाळीला जाणार हे मैदानातल्या मांजरांनाही ठाऊक होतं.

खानोलकर पहिली पाळी द्यायला तयार होते. बदल्यात आमची शेवटची पाळी तर हवीच, वर दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतल्या पाळ्याही.

आठवडाभर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असं रण पेटलं की माझा फोन उन्हाळ्यातल्या गाडीसारखा तापला. मी वर सरकायच्या बाजूचा. एक रेहान आला की तळातून सुटलो. आमचा बॅक पेडणेकर पेटून उठला. "दोन पाळ्या गेल्या तर मागे कोण उभं करणार? तुझे एक्स-रे?"

इस्माईलभाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "मोठी सुरमई हवी तर बांगड्यांचे दोन वाटे सोडायचे. बाकी खल्ली वल्ली." खल्ली वल्ली, म्हणजे गेलं खड्ड्यात. इथे आलेला प्रत्येक जण पहिलं अरबी हेच शिकतो. इस्माईलभाई त्याच्या पुढे शिकलेच नाहीत.

सौदा झाला. शुक्रवारी नमाज, जेवणं आटोपून आम्ही खानोलकरांच्या महबूल्याच्या फ्लॅटवर जमलो. कादर स्वयंपाकघरात चहाचं बघत होता. त्याचं नाव खेळाडूंत होतं, पण ते राहून गेल्यासारखं. तो स्वतःही चहावाला म्हणूनच आला होता. रेहान सोफ्यावर केसांवरून हात फिरवत बसलेला. मी पेडणेकरला कोपराने डिवचून घेतलं.

इस्माईलभाई उभे राहिले, घसा साफ केला.

"कादर."

आतून कादर किटली घेऊन आला. "थांब जरा, उकळतोय अजून."

"चहा नको. तुला घेतला. पहिल्या पाळीला."

रेहानचा हात केसांतच राहिला. खानोलकर म्हणाले, "अहो इस्माईलभाई, हे तुम्हाला शेवटच्या फेरीत आयते मिळाले असते. यांचं नाव कोण..." आणि जीभ चावली.

"म्हणून तर पहिल्या फेरीत घेतला," इस्माईलभाई म्हणाले.

"येडा झालायस काय," कादर पुटपुटला. "पोराला घे. माझा गुडघा बघ." किटली तिरपी होऊन डॉक्टरांच्या पांढऱ्या गालिच्यावर चहा सांडत होता. कादरची मिशी थरथरत होती, आणि कॉर्नर तर कुठेच नव्हता.

महबूल्याहून रिग्गईपर्यंत मी गाडीत ओरडत होतो. सुरमई सोडून काय उचललंत, बॅक कुठून आणू, सगळं. शेवटी इस्माईलभाई म्हणाले, "मागल्या वर्षी मी एकपण सामना बघितला नाय, एक्सरेवाले. आता हा एकच मोसम हाय."



मोसमाबद्दल काय सांगू. पेडणेकर एकटा चौघांचं धावला. रेहानने आमच्या जाळ्याला इतकी भोकं पाडली की कादर सामन्यानंतर ते घरी नेऊन शिवायचा. पण दर शुक्रवारी गोलखांबाला टेकून इस्माईलभाई, समोर एका पायावर भार टाकून कादर, आणि दोघांमध्ये तो एक शब्द. पूर्ण मोसमात आमच्यावर एकही वैध गोल झाला नाही. हिवाळा सरल्यावर कादर गेला. विमानतळावर इस्माईलभाई परतायला वळले ते पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली हेच विसरले. आम्ही दोघे शोधत हिंडलो.

गेल्या शुक्रवारी नव्या मोसमातला पहिला सामना. मी मैदानात पोचलो आणि थबकलो. इस्माईलभाई त्याच खांबाला टेकून, पण तोंड मैदानाकडे. हातात फोन उभा धरलेला, कॅमेरा खेळाकडे. जवळ गेलो तर पडद्यावर दापोलीकडची ओटी आणि पडदाभर मिशी. इस्माईलभाई मैदानाकडे नाही, त्या मिशीकडेच बघत होते.

रेहान डावीकडून आला. बघता बघता जाळं हललं. आमचा कीपर चेंडू काढून परत आला तेव्हा कुठे फोनमध्ये कादरच्या भुवया वर जायला लागल्या, इंटरनेट तेवढं मागे होतं. मग डोळे मिटले.

"काय झाला रे?" इस्माईलभाईंनी विचारलं.

गोल त्यांच्या नाकासमोर झाला होता. फोनमधला चेहरा थोडा वेळ गोठला, मग हलला.

"ऑफसाइड."

इस्माईलभाईंनी समाधानाने मान डोलावली, आणि हात दुखत असणार तरी फोन अजून जरा वर धरला, त्याला नीट दिसावं म्हणून.