सावळारामची टाळी

सावळाराम कुठल्याही इमारतीत शिरताना आधी दारात उभा राहून एक टाळी वाजवायचा. मग पोस्ट असो नाहीतर इस्पितळ. सासऱ्याच्या बाराव्यालाही त्याने दारात टाळी वाजवली आणि मेव्हण्याने त्याला शेवटच्या पंगतीत बसवलं. टाळी वाजवली की मान कलती करून थांबायचा. मग म्हणायचा, "इमारत मुकी आहे," आणि आत जायचा.

लालबागच्या आमच्या चाळीत तो माझ्या शेजारच्या खोलीत. गिरणीत आम्ही दोघंही साच्यांवर, कापड विणायला. तिथे एवढा खडखडाट की माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. माझे कान कसेबसे वाचले. त्याचे रोज थोडे थोडे जात होते. त्यामुळे तो स्वतः ओरडून बोलायचा. त्याने कानात सांगितलेलं गुपित तिसऱ्या मजल्यावर पोचायचं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात सगळे "झालाच पाहिजे" म्हणून गप्प झाले की मागाहून ह्याचा एकट्याचा "झालाच पाहिजे" यायचा. पुढारी वळून बघायचे, एवढा कट्टर कोण म्हणून.

रजा मिळाली की आम्ही सगळे कोकणात. हा मात्र जुन्या राजधान्या शोधायचा. कोणी काशी सुचवली तर म्हणे, तिथे घंटा फार. म्हैसूर सुचवलं तर म्हणे, राजवाड्यात टाळी वाजवू देतील काय? त्याची पारख एकच. "गाव उलटून बोलतं का?"

एकदा मला गोवळकोंड्याला घेऊन गेला. तिथे खालच्या दरवाजात टाळी वाजवली की वर टेकडीवर ऐकू येते. आधी तो खाली, मी वर. मला टाळी स्पष्ट आली. मग तो वर चढला आणि मी खाली तळहात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. घामाघूम होऊन उतरला आणि म्हणाला, "किल्ला बिघडलाय."

मी हसलो. तो हसला नाही. दगडावर बसला, आणि त्याला हळू बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"दिवसा हिचे ओठ दिसतात रे, धोंडू. दिवा मालवला की काय बोलते ते कळत नाही. आवाजच विसरायला लागलोय. कान पुरते जायच्या आत एकदा ऐकायचाय."

म्हणून पुढच्या रजेला विजापूर ठरलं. तिथल्या गोल घुमटात भिंतीशी पुटपुटलेलं पलीकडच्याला कानात सांगितल्यासारखं पोचतं, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. चळवळीत फिरणारा आमचा परब चिडला. विजापूर नुकतंच म्हैसूर राज्यात गेलेलं. त्याने विचारलं, तिकडच्या घुमटाला मराठी कळणार का? सावळाराम म्हणाला, "जे बोलशील ते परत देतो. दिल्लीपेक्षा बरा."

आम्ही चौघं गेलो. तो, त्याची भीमावैनी, मी आणि माझी बायको. जिना चढून घुमटाच्या आतल्या सज्जात आलो. थंडगार. उजेड पिवळा, जुन्या तुपासारखा. पारवे घुमत होते आणि चालणाऱ्याची पावलं गोल फिरून त्याच्याच मागे येत होती. पाण्याच्या तळाशी बसल्यागत वाटलं. सावळारामने टाळी वाजवली नाही. पलीकडे गेला आणि भिंतीला कान लावून बसला.

भीमावैनी आमच्याजवळ, तोंडाला पदर. माझ्या बायकोला विचारत होती, मी काय बोलू गं, तांदळाचा भाव सांगू? बाकीची माणसं ओरडून, हसून, खोकून एकदाची खाली उतरली. मग ती भिंतीकडे तोंड करून अगदी हळू म्हणाली, "सावळाराम."

लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. आमच्यात जीव गेला तरी बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घुमटाने मात्र घेतलं. पुन्हा घेतलं. फिरवून फिरवून घेतलं.

घुमट थांबेपर्यंत तो भिंतीला कान लावूनच बसला. मग आमच्याकडे आला आणि म्हणाला, "तोच आवाज. लग्नातला." हे त्याने नेहमीसारखं ओरडून सांगितलं, त्यामुळे ते सगळ्या विजापूरला कळलं.

परतीच्या गाडीत मी बायकोला म्हटलं, तू पण घ्यायचंस की माझं. ती म्हणाली, "आधी तुम्ही माझं घ्या. जन्मभर नुसतं 'अगं'. पुढच्या वर्षी घुमटात बघू."

पुढच्या वर्षी ती नव्हती. तापाने गेली.

त्या रजेला सावळाराम भीमावैनीला घेऊन पुन्हा विजापूरला निघाला. मला चल म्हणाला. मी शिवी दिली. त्याचे कान तोवर पुरते गेले होते, पण शिवी त्याने ओठांवरून वाचली आणि गेला.

परत आला तो थेट माझ्या दारात. टाळी वाजवली नाही.

"वैनीचं नाव घेऊन आलो," म्हणाला. "द्वारका. जोरात घेतलं. मला काय ऐकू आलं नाही. पण ही म्हणाली, घुमट बराच वेळ म्हणत होता."

त्याने आपल्या परीने हळूच सांगितलं. अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं. मोरीपाशी भांडी घासणाऱ्या बाया थांबल्या.

त्याला ऐकू येत नाही म्हणून मग मीही एकदा घेतलं. त्याने माझ्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली.