आक्काच्या फोटोवरचा बल्ब

भर दुपारी पार्वतीने आक्काच्या खोलीतला नवा एसी चालू केला आणि हॉलमध्ये आक्काच्या फोटोवरचा लाल झिरो बल्ब एकदम भडकला. एरवी तो बिचारा दिवसा पेटलेला आहे की विझलेला हेही कळायचं नाही. आता त्या उजेडात आक्काचे डोळे सोफ्यावर लोळणाऱ्या बाळारामवर, आपल्या एकुलत्या एका मुलावर, रोखलेले दिसले. डोक्यावरचा पंखाही घरघरत सुटला.

"अवो," आतून पार्वती ओरडली, "इथला दिवा इझाया आला!"

"बंद कर तो एसी!"

एसी बंद झाला. बल्ब शांत झाला, पंखा ताळ्यावर आला. बाहेर पूर्णा गावच्या रस्त्यावर गोदामांकडे जाणारा एक कंटेनर गेला आणि घर पुन्हा चिडीचूप झालं.

बाळारामने घाबरून फोटोकडे पाहिलं, आणि घाबरायला कारणही होतं. समोरच्या हिरामणने थ्री फेज घेतल्यापासून याला झोप नव्हती. पार्वती मात्र ऐकत नव्हती. "घराला शिंगल फेज बास. थ्री फेज लूमवाल्यांना लागतो," हे तिचं ठरलेलं. "अगं, शिंगलची एक तार गेली का सगला अंधार. थ्री फेजमधी एक गेली तरी दोन ऱ्हातात," हे त्याचं. शेवटी आक्का गेल्यावर तेराव्या दिवशी त्याने डोळे पुसत सांगितलं होतं, की जाताना आक्का बोलली, बाला, घरात थ्री फेज घे. पार्वतीने मान खाली घातली होती. सासूच्या शेवटच्या शब्दाला कोण नाही म्हणणार? थ्री फेज आला, आणि आता लोड झेपेल म्हणून पाठोपाठ हा एसीही.

"परत लावून बघते," पार्वती म्हणाली.

"नको!"

पण तिने लावलाच. बल्ब पुन्हा भडकला. पंख्याच्या वाऱ्याने फोटोवरचा हार हलायला लागला, मग फोटोच भिंतीवर टकटक करू लागला. बाळाराम सोफ्यावरून उठला तो थेट फोटोसमोर हात जोडून उभा राहिला. पार्वती दारात येऊन बघत होती. ती बघतेय हे त्याला दिसत होतं. खरं बोललं तर जन्मभर ऐकावं लागणार होतं, आणि नाही बोललं तर आई भिंतीवरून उतरणार होती.

"आक्का, चुकलो!" तो रडवेला होऊन ओरडला. "तू थ्री फेजचं बोललीच न्हाईस! मी लबाड बोललो!"

आणि बल्ब मंद झाला. पंखा सावकाश झाला, हार थांबला. बाळारामने फोटोखाली डोकं टेकलं.

पार्वतीने फोन करून बोलावलेला वायरमन कुमार थोड्याच वेळात नारपोलीहून आला. मीटरचा बॉक्स उघडून त्याने दोनच मिनिटांत एक स्क्रू पिळला.

"न्यूट्रलची तार ढिली होती, शेठ. सिंगल फेजला न्यूट्रल सुटली तर नुसता अंधार होतो. थ्री फेजला सुटली तर एका खोलीत दिवा मंद आणि दुसरीत भडका."

"आन मी... मी बोललो तवा शांत कसा झाला?"

"काय बोलला?"

"काय न्हाय."

"व्होल्टेज कमी पडलं की एसीचा कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतो ना. लोड गेला की सगळं नॉर्मल."

कुमार गेला. बाळाराम पार्वतीच्या तोंडाकडे बघेना.

"रागावलीस?" त्याने शेवटी विचारलं.

"कशाला? शेवटचं चार दिस आक्काच्या तोंडात नली व्हती. उशाशी मीच बसलेली. एक सबूद फुटला न्हाय तिच्या तोंडातून."

"मंग तवाच का न्हाय बोललीस?"

"मना एसी पायजे व्हता," पार्वती म्हणाली आणि उशी काखोटीला मारून आक्काच्या खोलीकडे निघाली. "दार लावून घेते. गारवा बाहेर जातो."

आतून कडी लागली. बाळाराम घाम पुसत हॉलमध्ये उभा राहिला. एसी त्यांनी एकच घेतला होता.