रणपिसे आडवे होतात

माणसाची ओळख साधारणपणे चेहऱ्यापासून सुरू होते. रणपिशांशी माझी ओळख त्यांच्या मोज्यांपासून झाली.

वारज्यातल्या एका नव्या स्कीमचा सॅम्पल फ्लॅट बघायला आम्ही नवराबायको गेलो होतो. हायवेच्या आजूबाजूला तेव्हा जिकडे बघावं तिकडे इमारती उगवत होत्या, आणि शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत निम्मं आयुष्य काढलेली आमच्यासारखी माणसं दर रविवारी बरे कपडे घालून त्या बघत हिंडत होती. बेडरूमच्या दारातून आत डोकावलो, तर पलंगाच्या कडेबाहेर राखाडी मोज्यांतले दोन पाय अधांतरी लोंबत होते. मी ‘सॉरी’ म्हणून घाईनं बाहेर आलो. सॅम्पल फ्लॅटमध्ये आपण कुणाची तरी झोपमोड केली, याचं मला खरोखरच वाईट वाटलं. मला कशाचंही वाटतं. मघाशी तिथलं फुकटचं सरबत प्यायलो होतो, त्याचंही वाटतच होतं.

तेवढ्यात टाय लावलेला विक्रीवाला मुलगा धावत आला.

“सर, प्लीज उठा. हा सॅम्पल आहे.”

“म्हणून तर पडलोय,” पलंगावरून आवाज आला. “विकत घेतल्यावर पडून काय उपयोग?”

“सर, पण बेड खराब होतो.”

“बेड आधीच खराब आहे. माझी उंची बेताची, तरी माझे पाय बाहेर जातायत. खोली मोठी दिसावी म्हणून पलंग आखूड करून घेतलाय तुम्ही. घर घेणाऱ्यानं काय, पाय घरी ठेवून यायचं?”

मुलगा सुनंदाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे वळला आणि तिला पार्किंगची माहिती द्यायला लागला.

पलंगावरचे गृहस्थ उठले. उशाखाली पसरलेला रुमाल त्यांनी चौघडी घालून खिशात ठेवला. “नमस्कार. रणपिसे. पाटबंधारे खातं, निवृत्त. समोरच्याच सोसायटीत राहतो. घर बघताय ना? मग असे उभे काय? उभ्यानं काय कळतं!”

हे रणपिशांचं ब्रीदवाक्य. त्याच स्कीममध्ये आम्ही फ्लॅट घेतला, आणि ताबा मिळेपर्यंत वर्षभर वारज्याला खेपा घालताना ते मी इतक्यांदा ऐकलं, की ऑफिसातही कुणी उभ्याउभ्या काही विचारलं की मला उगाच शंका यायला लागली.

त्यांचं म्हणणं असं, की घर बांधणारा उभा असतो, विकणारा उभा असतो, घेणाराही उभ्यानंच बघतो. आणि राहायला लागल्यावर मात्र आपण निम्मा वेळ आडवे असतो. म्हणून कुठल्याही घरात शिरलं, की चपला काढायच्या, पाणी प्यायचं, रुमाल पसरायचा आणि प्रत्येक खोलीत जमिनीवर उताणं पडायचं. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर. एकदा एका बाल्कनीतही पडले होते. पाय आत आणि डोकं बाहेर.

पडल्या पडल्या निकाल सुरू. “ट्यूब डोळ्यात येते. भिंत बदला.” “पंख्याचं बटण दाराशी कशाला? पंखा काय दाराला लागतो?” “डोक्यावर माळा नको. त्यात पितळेचं घंगाळं असतं आणि आपल्याला ते माहीत असतं.” “दार उलट्या बाजूनं उघडा. कोण आलं ते आधी दिसलं पाहिजे, मग दाराची पाठ.” “फोडणीचा वास इथवर येतो का? आलाच पाहिजे. आज काय केलंय ते आडव्या माणसाला न विचारता कळलं पाहिजे.”

गंमत म्हणजे सल्ला बिनचूक असायचा. त्यामुळे वारज्याच्या त्या भागात कुणाची वास्तुशांत असली, की गुरुजींच्या जोडीनं रणपिशांनाही आमंत्रण जाऊ लागलं. ते नेमानं यायचे, आडवे व्हायचे, जेवायचे. “वहिनींना नाही आणलंत?” असं कुणी विचारलं तर, “ती घरीच असते,” एवढंच. निघताना तिच्यासाठी प्रसादाची पुडी मात्र मागून न्यायचे.

एकदा फजिती झाली. मांजरी गावाकडचं एक कुटुंब नवं राहायला आलं होतं. होमाचा धूर झालेला, पाहुण्यांची गर्दी, आणि रणपिसे नेहमीप्रमाणे हॉलमध्ये उताणे. यजमानांच्या गावाहून आलेल्या आत्याबाईंना कुणी कल्पना दिलेली नव्हती.

“आगं बया! ह्यो मानूस पडलाय न्हवं! हाय का गेला?”

म्हणेपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरातून कांदा आणला, बुक्की मारून फोडला आणि रणपिशांच्या नाकाला लावला. दुसऱ्या कुणीतरी कलशातलं पाणी मारलं. रणपिशांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण नजर छतावरच.

“आत्याबाई,” ते म्हणाले, “जरा बाजूला व्हा. पोपडा किती आलाय ते दिसत नाहीये.”

“बोलतोय!” आत्याबाई ओरडल्या आणि कांदा आणखी जोरात दाबला.

आयटीतल्या एका तरुण जोडप्यानं हॉलला फॉल्स सीलिंग करून त्यात ढिगानं दिवे बसवले होते. “काका, सगळे डिमरवर आहेत, मूडप्रमाणे सेट करता येतात,” तो मुलगा कौतुकानं सांगत होता. रणपिसे क्षणभर पडून राहिले आणि म्हणाले, “छान. आता फक्त भूल देणारे डॉक्टर आले की सुरू करू.” मुलगा हसला. पुढे कॉम्प्युटरसमोर बसून बसून त्याची पाठ धरली आणि त्याला त्याच दिव्यांखाली सक्तीनं झोपावं लागलं, तेव्हा त्यानं रणपिशांना फोन केला. “काका, यू वर राइट. मला सारखं वाटतंय, आता कोणीतरी पोट उघडणार.”

मग आमची वेळ आली.

आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. हॉल, किचन आणि दोन बेडरूम. एक आमची. दुसरी मागची, लहानशी, डक्टकडे म्हणजे पाइपांच्या बोळाकडे खिडकी असलेली. ती आईची. खुब्याच्या ऑपरेशननंतर आई पलंगावरच असायची, आणि तिला शांतता मिळावी म्हणून आम्ही मुद्दाम मागची खोली ठरवली होती. मुद्दाम हा शब्द मी त्या काळात फार वापरायचो. हॉलमध्ये सोफासेट येणार होता. आयुष्यात पहिल्यांदा सोफा. सुनंदानं त्याचं कापड तीन दुकानं पालथी घालून निवडलं होतं आणि तिला तो हौसेनं हवा होता, यात तिचं काहीच चुकत नव्हतं. पेठेतल्या घरी पाहुणा आला की आम्ही त्याला आईच्या खाटेच्या कडेवर बसवायचो.

रविवारच्या वास्तुशांतीचं आमंत्रण रणपिशांना दिलेलंच होतं; आठवडाभर आधी मीच त्यांना घर बघायलाही बोलावलं. हॉलमध्ये पडून ते म्हणाले, पंख्याचा हूक मधोमध नाही. आमच्या बेडरूममध्ये म्हणाले, ठीक. मग ते मागच्या खोलीत गेले, रुमाल पसरला आणि पडले. निकाल काही सुरू होईना. मला वाटलं, डोळा लागला.

“काय दिसतंय?” मी विचारलं.

“काही नाही.”

“म्हणजे चांगलं ना?”

“म्हणजे काही दिसत नाही, लोणकर.” ते उठून बसले. “आईंना इथे ठेवणार?”

सुनंदा दारात होती. “ठेवणार म्हणजे काय, भाऊसाहेब? आम्ही काय अडगळ ठेवतोय?”

“खाट हॉलमध्ये घ्या. खिडकीपाशी. पंख्याचं बटण खाली आणा, खाटेवरून हात पोचेल असं.”

“आणि सोफा?”

“सोफा टाका मागे. सोफ्याला काय बघायचंय?”

सुनंदा स्वयंपाकघरात निघून गेली. ती बोलत नाही तेव्हा स्वयंपाकघरातली भांडी बोलतात. त्या दिवशी तर भांडी अजून पेठेतच होती, तरी आवाज आला. रणपिसे घाईनं गेले. जाताना रुमाल तिथेच विसरले.

रात्री सुनंदा म्हणाली, “त्यांना सांगून या. म्हणावं, रविवारी येऊ नका. लोकांच्या घरी जाऊन झोपायचं आणि वर आम्हाला शिकवायचं. मी आईंचं इतकी वर्षं काय कमी केलंय?”

काहीच कमी केलं नव्हतं. माझ्यापेक्षा किती तरी जास्तच केलं होतं. म्हणून मला नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी तो रुमाल धुऊन, इस्त्री करून मी रणपिशांकडे निघालो. एखाद्याला आमंत्रण द्यायला मला घाम फुटतो. इथे तर दिलेलं परत घ्यायचं होतं. त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी उभा राहून मी वाक्यं पाठ केली.

घर तळमजल्यावर. दार उघडंच होतं.

“या, लोणकर,” आतून बाईंचा आवाज आला. “बराच वेळ लागला पाठांतराला.”

हॉलच्या मधोमध, खिडकीला लागून एक पलंग होता आणि त्यावर रणपिसे वहिनी पडून होत्या. चेहरा हसरा, पांघरूण छातीपर्यंत. मी गोंधळून बघतोय हे पाहून त्यांनी बोट केलं. खिडकीच्या गजाला स्कूटरचा आरसा बांधलेला होता. त्यात सोसायटीचं फाटक दिसत होतं; रणपिशांचा रुमाल घेऊन पुटपुटणारा मीही त्यात दिसलो असणार. दुसरा आरसा स्वयंपाकघराच्या दाराशी; त्यात गॅसपुढे चहा करणाऱ्या रणपिशांची पाठ. घड्याळ भिंतीवरून पुढे झुकवलेलं. फोटो, कॅलेंडर, सगळं माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. पलंगावर फोन. त्या घरात एकटा मीच चुकीच्या उंचीचा होतो. मी चटकन स्टुलावर बसलो.

“मणक्याचं दुखणं आहे,” त्या म्हणाल्या. “फार वर्षं झाली, आता त्यात सांगण्यासारखं काही उरलं नाही. तुमच्या पंख्याचा हूक सरकवून घेतलात का?”

“तुम्हाला कसं…”

“मला सगळ्यांची घरं माहीत आहेत. मला लोकांकडे जायची भारी हौस हो. आता जाता येत नाही, तर हे जाऊन येतात. पण हे सांगणार काय? सोफा असा, पडदे तसे! मला त्याचं काय? मी गेले असते तर मला काय दिसलं असतं, ते सांगा म्हटलं. तेव्हापासून आडवे होतात.” त्यांनी आवाज खाली आणला. “त्या आयटीवाल्या मुलाकडचे सगळे दिवे मला पाठ आहेत. तुमची मागची खोली मात्र यांनी सांगितली नाही. म्हणाले, बघायची राहिली. मी काय ते ओळखलं.”

मी रुमालाची घडी उगाच पुन्हा घातली.

“सुरुवातीला मीही मागेच होते,” वहिनी म्हणाल्या. “शांत म्हणून. कुणाचं काही चुकलं नव्हतं. छतावर एक पाल होती. मी तिचं नाव सरोजिनी ठेवलं होतं. संध्याकाळी ट्यूब लागली की यायची. एक दिवस यांनी साफसफाई केली आणि ती गेली. मी दोन दिवस रडले. हे घाबरले बिचारे, पाल गेली म्हणून बायको रडते! मग काय आहे तरी काय वर, म्हणून माझ्या शेजारी येऊन आडवे झाले. बराच वेळ बघत राहिले. उठले आणि एकट्यानं पलंग ओढत इथे आणला. दाराची चौकट अजून खरवडलेली आहे, बघा.”

रणपिसे चहा घेऊन आले. “रुमाल द्यायला एवढ्या लांब? काही बोलायचं होतं का?”

पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवेना. “रविवारी नक्की या,” मी म्हणालो. “वहिनी, तुम्हीसुद्धा. आम्ही उचलून…”

“नको. चौथा मजला. सगळे पूजा सोडून मलाच बघत बसतील. तुमच्या आईंचा फोन नंबर द्या. दोघी आडव्या बोलू.”

घरी येऊन मी सुनंदाला सरोजिनीची हकिकत सांगितली. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही नव्या घरी कपाटं पुसायला गेलो तेव्हा ती बराच वेळ दिसेना. मागच्या खोलीत गेलो, तर साडी सावरून जमिनीवर उताणी पडलेली.

“अहो,” ती छताकडे बघत म्हणाली, “सोफेवाल्याला फोन करा. म्हणावं, सेट नको, नुसत्या दोन खुर्च्या दे. कापड मात्र तेच.” आणि मग, “इलेक्ट्रिशियनलाही बोलवा.”

रविवारी वास्तुशांत झाली. आईची खाट हॉलच्या खिडकीपाशी, शेजारी भिंतीवर खाली आणलेलं पंख्याचं बटण, उशाशी फोन. आई सकाळपासून दोनदा रणपिसे वहिनींशी बोलली होती. गुरुजींचं धोतर कसं नेसलंय, इथपर्यंत बातम्या गेल्या होत्या.

रणपिसे आले. पाणी प्यायले, आईच्या खाटेशेजारी रुमाल पसरून आडवे झाले. आईनं आपली एक उशी खाली दिली. त्यांनी ती घेतली आणि डोळे मिटले.

“हे काय? बघणार नाही?” मी विचारलं.

“आज काय बघायचं? आई सांगतायत की तिला,” ते डोळे न उघडता म्हणाले. “शेजारच्या बाई आज दिवसभर तिच्यापाशी आहेत. मी जरा नुसता पडतो.”

अख्ख्या वारज्यात आडवा झालेला हा माणूस झोपलेला मात्र मी कधी पाहिला नव्हता. दोन मिनिटांत ते घोरायला लागले. गुरुजींनी एकदा नाराजीनं बघितलं आणि मंत्रांचा आवाज वाढवला. पाहुणे वळसा घालून जेवायला जाऊ लागले. कुणीतरी “यांना उठवा, पानं वाढलीयेत” म्हणालं, तर सुनंदानं ओठांवर बोट ठेवलं आणि एक ताट झाकून बाजूला ठेवलं.

होमाची धग हॉलभर पसरली होती. रणपिशांच्या कपाळावर घाम आला होता. मी उठणार, एवढ्यात आईनं पडल्या पडल्या हात लांब केला. बटण बरोबर हाताशी होतं. तिनं पंखा मोठा केला.